लस टोचली, तरी कोकरं का गेली?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आम्ही सांगोल्याकडचे मेंढपाळ. ज्वारीची काढणी झाल्यावर वाडा मंगळवेढ्याच्या रानात बसवला. आंत्रविषाराची लस टोचून सहाच दिवस झाले होते. रात्री उड्या मारणारी चार कोकरं सकाळी मेलेली. तीही सगळ्यांत धष्टपुष्ट! थोरल्या मेंढ्यांना काही झालं नाही. लस बोगस होती का?

उत्तर: सहा दिवसांत लसीला दोष देऊ नका. बाटलीत या रोगाच्या जिवाणूंचं निकामी केलेलं विष असतं. ते ओळखून त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्या विषाशी लढणारी रक्तातली द्रव्यं, तयार करायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, आणि पहिल्या खेपेला ती थोडीच होतात. १४ ते २१ दिवसांनी दुसरी सुई दिली की पेशींना जुनी ओळख पटते, मग भराभर. तुमच्या थोरल्या मेंढ्यांना दरवर्षी सुई मिळत असेल, तर त्या वाचल्या यात नवल नाही.

तुम्ही सांगता त्यावरून हा आंत्रविषारच दिसतो, आणि तो बाहेरून येत नाही. याचे जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोडे असतात. रानात सांडलेली कणसं कोकरानं पोटभर खाल्ली की न पचलेलं पिष्ट आतड्यात उतरतं, जिवाणू बेसुमार वाढतात आणि त्यांचं विष रक्तातून मेंदूपर्यंत जातं. हावरं कोकरू जास्त खातं, म्हणून आधी तेच जातं. अशा मेलेल्या कोकराचं मूत्रपिंड मी हातात घेतलंय. सैल कालवलेल्या पिठासारखं बोटांतून निसटतं.

आता चिकाचं, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधाचं. मेंढीच्या वारेतून पिल्लाला प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आपल्याकडे ‘वार पडेपर्यंत पाजू नका’ म्हणतात, ते साफ चूक. पहिल्या काही तासांतच पाजा. दिवस उलटला की आतडं ती प्रतिपिंडं रक्तात घेत नाही. गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी सुई द्या, म्हणजे चिकात ती भरपूर येतील.

बाटली कशातून आणली, ते तुम्ही लिहिलं नाही. मोटारसायकलच्या हँडलला पिशवीत लटकवून आणलेली लस मी पाहिलीय. २ ते ८ अंश लागतात, पण बर्फाला थेट चिकटवायचीही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच अशा बाटल्या गोठवून वाया घालवल्या होत्या.

उरलेल्या कोकरांना आधी कडबा घाला, मग थोडाच वेळ त्या रानात सोडा. पहिल्या सुईपासून एकविसावा दिवस चुकवू नका.