पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) आउटपुट कार्डवरचा एलईडी लागतो, पण सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) ओढत नाही. कार्ड गेलं का?

लगेच कार्ड बदलू नका. तो एलईडी बहुतेक कार्डांत फक्त प्रोग्रामचा हुकूम आल्याचं सांगतो, पुढे करंट गेला की नाही हे नाही. कॉमनला (आउटपुटांच्या सामाईक टर्मिनलला) २४ व्होल्ट आहेत का आणि फ्यूज शाबूत आहे का, बघा. मग वायर जोडलेली ठेवूनच थेट कॉइलवर मोजा; वायर काढून मोजलंत तर ट्रान्झिस्टरच्या लिकेजमुळे (बंद असतानाही झिरपणाऱ्या करंटमुळे) मीटर खोटं व्होल्टेज दाखवतो. कॉइलवर २४ आले तर दोष व्हॉल्व्हचा. नसतील आणि वायरही तुटलेली नसेल, तर कार्डवरचा तो चॅनल, म्हणजे तो एक आउटपुट, गेला. रिले कार्ड असेल तर तेवढा रिले बदलता येतो. घाईत मोकळ्या आउटपुटवर वायर घ्या, प्रोग्राममध्ये अ‍ॅड्रेस बदला. पण डीसी कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसला, लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका. नाहीतर कॉइल बंद होताना येणाऱ्या उलट व्होल्टेजच्या झटक्याने नवा आउटपुटही तसाच जळू शकतो.