गरम पाण्याच्या प्रेशर वॉशरचा जोर कुठे जातो?

कुर्ल्याहून एक गॅरेजमालक: गेजचा काटा 150 बारवर असतो, पण गनमधून धार मरतुकडी येते. चेसिसचा चिखलही सुटत नाही. मेकॅनिक म्हणतो, पंप गेला. बदलू का?

पंपाला हात लावू नका. पंपाजवळच्या गेजवर काटा वर आहे, म्हणजे पंप आपलं काम करतोय. पाणी अडतंय ते त्याच्या पुढे: कॉइल (बर्नरवर पाणी तापवणारी गुंडाळलेली नळी), होज, गन किंवा नोझलमध्ये.

बर्नर बंद करून गार पाणी वाहू द्या. मशीन बंद करा, गनचा घोडा दाबून उरलेला दाब सोडा आणि नोझल काढा. आता बर्नर न पेटवता मशीन चालू करा. काटा पार खाली आला, तर नोझलमध्येच कचरा आहे. बारीक तारेने साफ करा. काटा वरच राहिला, तर होज कॉइलवरून काढून थेट पंपाला जोडा. आता काटा पडला, म्हणजे कॉइल तुंबलीय.

पाणी कुठलं वापरता? पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, बऱ्यापैकी मऊ. टँकरचं पाणी बहुतेक वेळा विहिरीचं किंवा बोअरचं, आणि ते जड असलं की तापताना क्षार सोडतं. माझ्या बाकावर अशाच एका कॉइलचा कापलेला तुकडा आहे. आत पांढरा, दगडासारखा थर चढलाय आणि मधे पेन्सिल जेमतेम शिरेल एवढंच भोक उरलंय. त्या कॉइलचं वेळेवर डिस्केलिंग केलं असतं, म्हणजे क्षारांचा थर विरघळवून काढला असता, तर ती वाचली असती. तुमची अजून वाचेल. कॉइलसाठीचंच डिस्केलर वापरा. संडास धुण्याचं ॲसिड ओतलंत, तर थराबरोबर लोखंडही खाईल. तोवर बर्नर पेटवू नका. कमी पाण्यात कॉइल जळते.

गिरगावातून एक हॉटेलचालक: पंपाला नवे सील टाकले, तरी होज धडधडतो आणि काटा नाचतो.

आधी मशीनला पाणी पुरतंय का ते बघा. मशीनच्या पाटीवर मिनिटाला 15 लिटर लिहिलं असेल, तर तिथल्याच पाइपने 15 लिटरची बादली मिनिटाच्या आत भरली पाहिजे. गच्चीवरच्या टाकीतून अर्ध्या इंची लांबलचक पाइप आणला असेल, तर ती बहुधा भरणार नाही. मग इनलेटची जाळी धुवा आणि सगळे क्लॅम्प आवळा. पारदर्शक पाइपचा तुकडा लावून बघा: त्यात बुडबुडे पळताना दिसले, तर पंप हवा ओढतोय. एवढं करूनही धडधड राहिली, तर पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा असेल. आणि सोलरचं गरम पाणी पंपाला देत असाल, तर पुस्तिकेतली मर्यादा पाहा. बऱ्याच पंपांना 60 अंशांवरचं पाणी सोसत नाही, नवे सीलही जातील.

भांडुपहून: काटाच 100 च्या वर जात नाही. अनलोडर आवळून बघू?

नको! अनलोडर म्हणजे घोडा सोडल्यावर पाणी परत वळवून दाब आवरणारा व्हॉल्व्ह; दोष त्याचा नसेल, नोझल झिजलं असेल. भोकाचा व्यास 10 टक्के वाढला, की दाब साधारण दोन तृतीयांशावर येतो. त्याच नंबरचं नवं नोझल लावा. आवळलेल्या अनलोडरवर नवं नोझल बसवलंत, तर घोडा सोडताच दाब धोक्याच्या पलीकडे उसळतो, आणि त्या वेळी होज कुणाच्या तरी हातात असतो.