वाचकांचे प्रश्न : इंधनपंपाची वीज नेमकी कुठे अडते?

प्रश्न : माझी जुनी, इंजेक्शन असलेली पेट्रोल जीप खडबडीत वाटेवर तासभर चालली की बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. टाकीतला पंप बदलला, तरी फरक पडला नाही. दोष कुठे शोधावा?

उत्तर : पंप नवा असूनही त्रास तोच असेल, तर संशय त्याच्या वीजपुरवठ्यावर घ्यावा. चावी फिरवल्यावर बहुतेक अशा गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद घरघरतो. गाडी बंद पडताच ही घरघर ऐकावी, कारण ती गार झाल्यावर पुरावा नाहीसा होतो. आवाज नसेल, तर फ्यूज पाहून पंपाच्या रिलेची (पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचची) गाडीतल्या तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करावी. रिलेच्या आतील सोल्डरचा टाका तडकलेला असल्यास तो तापल्यावर किंवा हादऱ्याने संपर्क सोडतो.

त्यानंतर व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर घ्यावा, मात्र पंपाचा कनेक्टर जोडलेला ठेवून आणि पंप चालू असतानाच मोजावे. कनेक्टर काढून मोजल्यास, प्रवाहच वाहत नसल्यामुळे, गंजून एका धाग्यावर आलेली तारसुद्धा बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवते, आणि बरेच निर्दोष पंप याच चुकीपायी बदलले जातात. बॅटरीचे ऋण टोक आणि पंपाची अर्थ तार (वीज परत नेणारी तार) यांच्यात अर्धा व्होल्ट दिसला, तर चिखलपाण्याने गंजलेली चासीवरची (गाडीच्या सांगाड्यावरची) अर्थ जोडणी घासून स्वच्छ करावी. टाकीजवळ पेट्रोलची वाफ असते, म्हणून तिथे तारा एकमेकींना टेकवून ठिणगी पाहू नये.