रेवडी की खिरापत?

प्रश्न असा आलाय: 'सरकारी योजनांच्या बातम्यांत हल्ली "रेवड्या वाटल्या" असं सर्रास छापतात. हे मराठी आहे का? "खिरापत" चालणार नाही का?'

चालेल, पण आरोप बदलेल.

मराठीत रेवडी खायची, नाहीतर उडवायची. एखाद्याची रेवडी उडवली म्हणजे चारचौघांत फजिती केली. वाटायची रेवडी हिंदीतली, 'अंधा बांटे रेवडी, फिर फिर अपनों को दे' या म्हणीतली. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधान मोदी 'रेवडी कल्चर'वर बोलले आणि ती आपल्या मथळ्यांत येऊन बसली. म्हणीतला टोमणा वशिल्याचा आहे: वाटणारा आंधळा, तरी त्याला नेमकी आपलीच माणसं सापडतात. खिरापतीत आपपरभाव नाही. भोंडल्याला आलेल्या प्रत्येक पोरीच्या हातावर ती पडते. म्हणून 'खिरापत वाटली' यातला राग उधळपट्टीवर. पक्षपात म्हणायचा असेल तर खिरापत लिहू नका.

दोन्ही शब्द तिजोरीपाशी उभं राहून उच्चारलेले आहेत, हेही लक्षात घ्या. रांगेतल्या माणसाचा शब्द 'हमी'. वि. स. पागे यांचं नाव जिच्याशी जोडलेलं आहे, त्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७चा. काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या. हमीत देणारा बांधला जातो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यातलं माणशी महिन्याला ५ किलो धान्यही याच जातीचं, हक्काचं.

'लाभार्थी'चा विचार निराळा. १९९७मध्ये रेशन दारिद्र्यरेषेच्या वर-खाली विभागलं गेलं. मदत गरजूपुरती, बाकीच्यांनी बाजार बघावा, हा त्यामागचा हिशेब. त्या हिशेबात लाभार्थी निवडावा लागतो, म्हणजे कुणीतरी वगळावाही लागतो. (समासच बघा: लाभाचा 'अर्थी', म्हणजे मागणारा. विद्यार्थ्याच्या घरातलाच, पण त्याच्याइतका मान नाही.)

मग २०२४ची 'लाडकी बहीण'. महिना १५०० रुपये, आणि चर्चेत लगेच 'ओवाळणी' आली. इथे राज्य भाऊ झालं. ओवाळणी हट्टाने मागता येते, पण कमी पडली म्हणून भावाला कोर्टात खेचत नाहीत. मला हा शब्द सगळ्यांत चतुर वाटतो. गोड आहे, म्हणून जास्तच.

सरकारी मराठीत रेशनकार्ड म्हणजे 'शिधापत्रिका'. शिधा आपण भटजींना देतो, दारी आलेल्या वारकऱ्याला देतो. त्यात दात्याचं पुण्य आहे. लालबागच्या रेशन दुकानासमोर मात्र हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. तिथे विचारतात, "माल आला काय हो?" आणि मशीनवर बोट टेकवून वैतागतात, "अंगठा लागत नाय." त्या रांगेत रेवडीही नसते, खिरापतही नसते. माल असतो, तोही कार्डावरचा.