पिन तुम्हीच टाकला होता, हे अजिबात लपवू नका

ताई, तुमचं पत्र मिळालं, सोबतचे एसएमएसचे आणि पासबुकाचे फोटोपण नीट झूम करून बघितले. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात प्रकरण सांगतो. भावाच्या लग्नाचा बस्ता काढायला 9 मेला ताई घरच्यांबरोबर कराडला कापड दुकानात गेल्या, बिल झालं 38,750 रुपये, डेबिट कार्ड दिलं, पिन टाकला, मशीनवर बराच वेळ नुसतं प्रोसेसिंग येत राहिलं आणि मग रेंज गेली, स्लिप काही आली नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला नाही झालं, परत करू, परत पिन टाकला, या वेळी स्लिप आली, पिशव्या उचलल्या आणि सगळे घरी. रात्री बघतात तर मेसेज दोन, 4:12 चा एक आणि 4:15 चा एक, दोन्ही 38,750 चे. खातं जवळपास रिकामं झालं आणि दुसऱ्या दिवशी घराच्या कर्जाचा हप्ता बाउन्स झाला. दुकानदार म्हणतो मला एकदाच आले, बँक म्हणते आमच्याकडून दोन्ही सक्सेसफुल, दुकानात विचारा. 12 मेला टोल फ्रीवर तक्रार केली, तिथे ती अनऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन, म्हणजे परवानगीशिवाय झालेला व्यवहार, म्हणून नोंदली गेली, कार्ड ब्लॉक झालं, आणि 2 जूनला उत्तर आलं की व्यवहार चिप आणि पिनने झालाय, तक्रार बंद.

आता मावसभाऊ सांगतोय की कार्ड दुसऱ्या कुणीतरी वापरलं असं लिहून दे, तीन दिवसांत कळवलंयस म्हणजे झीरो लायबिलिटीमध्ये बसतं, ग्राहकाला काहीच सोसावं लागत नाही, आणि दुकानदारावर पोलिसात फसवणुकीची तक्रारपण ठोक. ताई, यातलं काहीही करू नका. मावसभावाचा हेतू चांगला असेल, पण हा रस्ता तुमची खरी केस घालवणारा आहे.

तो ज्या नियमाबद्दल बोलतोय तो खरा आहे, रिझर्व्ह बँकेने तो 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने आणला, पण ते कशासाठी, तर तुमच्या परवानगीशिवाय कुणी तिसऱ्याने पैसे काढले तर त्यासाठी. तुमच्या बाबतीत कार्ड तुमच्या हातात, दुकानात तुम्ही स्वतः उभ्या, पिन दोन्ही वेळा तुमच्या बोटांनी टाकलेला. दुकानाच्या कॅमेऱ्यात तुम्ही दिसणार, बिलावर तुमचं नाव असणार. मग फ्रॉड म्हणून तक्रार गेली की बँकेचा माणूस एकच गोष्ट तपासतो, चिप वाचली का, पिन बरोबर होता का, दोन्हीला हो आलं की फाइल बंद. 2 जूनला नेमकं हेच झालंय. म्हणजे बँकेने उत्तर दिलं ते तुमच्या प्रश्नाचं दिलंच नाही, कारण तुमचा प्रश्न तिथे नोंदलाच गेला नव्हता. आणि खोटं लिहून दिलंत तर पुढे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा नाहीतर ग्राहक आयोगात जा, पहिलाच कागद तुमच्या विरोधात उभा राहील. पोलिसात खोटी माहिती देणं तर स्वतःच गुन्हा आहे, आणि तो दुकानदार बिचारा कदाचित खरंच सांगत असेल.

तुमची तक्रार वेगळी आहे आणि माझ्या मते फ्रॉडच्या तक्रारीपेक्षा मजबूत आहे. पिन टाकला, पैसे खात्यातून गेले, पण दुकानात कन्फर्मेशन पोचलं नाही, स्लिप निघाली नाही. याला बँकेच्या भाषेत फेल्ड ट्रान्झॅक्शन म्हणतात आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं दुसरं परिपत्रक आहे, 20 सप्टेंबर 2019 चं, 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालेलं. कार्ड मशीनवर स्वाइप केलं, खात्यातून पैसे कापले पण दुकानात कन्फर्मेशन आलं नाही, हा प्रकार त्यात जवळजवळ याच शब्दांत लिहिलेला आहे. अशा वेळी व्यवहाराची तारीख सोडून पुढच्या पाच दिवसांत बँकेने पैसे आपणहून परत जमा करायचे, आणि नाही केले तर त्यापुढे रोजचे 100 रुपये नुकसानभरपाई, तीसुद्धा ग्राहकाने तक्रार करायची वाट न बघता. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, रविवार सुट्टी सगळं धरून. तुमचा व्यवहार 9 मेचा, मुदत 14 मेला संपली, 15 मेपासून मीटर चालू. आज 20 जून, म्हणजे मेचे 17 आणि जूनचे 20 असे 37 दिवस, 3,700 रुपये झाले मूळ रकमेच्या वर. हे तुम्ही मागायचे, संकोच न करता, कारण हे उपकार नाहीत.

पण त्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी, ती म्हणजे पहिल्या स्वाइपचे पैसे गेले कुठे. इथे खूप जणांचा घोळ होतो. कार्ड स्वाइप केलं की दुकानाच्या मशीनची जी बँक असते ती तुमच्या बँकेला विचारते, तुमची बँक हो म्हणते आणि खात्यातून रक्कम कापते, मग तो होकार परत मशीनपर्यंत यायचा असतो. तुमच्या वेळी होकार निघाला पण रेंज गेल्यामुळे मशीनपर्यंत पोचला नाही असं दिसतंय. म्हणून तुमच्या बँकेच्या स्क्रीनवर ते सक्सेसफुल दिसतं आणि दुकानाच्या मशीनवर झालेलंच नाही असं दिसतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात आणि मध्ये माणूस हेलपाटे मारत बसतो. शाखेतल्या माणसाशी भांडू नका, त्याला जे दिसतं तेवढंच तो सांगतोय, त्याला बाकीचं दाखवायचं काम कागदाने होतं.

प्रत्येक कार्ड व्यवहाराला एक 12 आकडी नंबर असतो, आरआरएन म्हणतात त्याला. तुमच्या फोटोत दोन्ही नोंदींपुढे वेगवेगळे आरआरएन दिसतायत. 4:15 वाल्याचा नंबर तुमच्या हातातल्या स्लिपवर छापलेला आहे, तो जुळतो, म्हणजे खरं बिल त्याने भरलं गेलं. भांडण आहे ते फक्त 4:12 वाल्याचं. त्या नंबराखाली लाल पेनाने रेघ मारून ठेवा आणि यापुढे जिथे जिथे लिहाल तिथे तोच नंबर लिहा, नुसतं दोनदा पैसे कापले असं लिहिलंत की समोरचा कुठली नोंद धरायची यातच आठवडा घालवतो.

आता दुकानदाराकडे जा, पण भांडायला नाही, मदत मागायला. त्याला म्हणायचं, काका, तुमच्या मशीनचा 9 आणि 10 मेचा सेटलमेंट रिपोर्ट दाखवा. मशीनवर दिवसभरात जमलेले पैसे त्याच्या खात्यात येतात त्याचा हिशोब त्याला मिळतो, अॅपमध्ये नाहीतर त्याच्या बँकेकडून. त्यात 38,750 ची एकच नोंद असेल आणि ती 4:15 वाल्या नंबराची असेल तर त्याच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून शिक्का मारून घ्या, की या ग्राहकाचं अमुक नंबरचं बिल होतं, त्याचे 38,750 एकदाच मिळाले, अमुक आरआरएनची रक्कम आमच्या खात्यात आलेली नाही. रिपोर्टचं ते पान जोडून दिलं तर उत्तमच. हे पत्र म्हणजे तुमच्या केसचा कणा आहे, म्हणून त्याच्यावर पोलीस केस करायच्या गोष्टी आत्ता नकोत, जो साक्षीदार होऊ शकतो त्याला आरोपी कशाला करता.

समजा रिपोर्टमध्ये दोन्ही नोंदी निघाल्या, म्हणजे पैसे त्यालाच दोनदा मिळालेत, तर चित्र बदलतं. मग रोजच्या 100 रुपयांचा नियम लागणार नाही, पण चुकून मिळालेले पैसे परत करायचं बंधन भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 72 नुसार त्याच्यावर येतं. तो त्याच मशीनवरून कार्डावर रिफंड टाकू शकतो किंवा खात्यावर ट्रान्सफर करू शकतो, रोख मात्र घेऊ नका, आणि पैसे कशाचे ते लिहून घ्या. त्याने टाळाटाळ केली तर तुमच्या बँकेला सांगा की एकाच खरेदीचे दोनदा पैसे गेलेत, चार्जबॅक टाका, म्हणजे कार्ड कंपनीमार्फत दुकानाच्या बँकेकडून पैसे परत मागवा. चार्जबॅकला कार्ड कंपनीची मुदत असते आणि ती निघून जाते, त्यामुळे तेही लांबवू नका. पैसे एका बाजूने परत मिळाले की दुसऱ्या बाजूला लगेच कळवायचं, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवणार नाही.

शाखेत द्यायचा अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. विषयात लिहा: दिनांक 9 मे रोजी 4:12 वाजताचा फेल झालेला कार्ड व्यवहार, रक्कम परत मिळणेबाबत. आणि मजकूर साधारण असा ठेवा: "मी स्वतः माझे कार्ड वापरून व पिन टाकून रु. 38,750 देण्याचा प्रयत्न केला. मशीनवर कन्फर्मेशन आले नाही व स्लिप निघाली नाही. त्यानंतर 4:15 वाजता दुसरा व्यवहार होऊन बिल पूर्ण भरले गेले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. 4:12 वाजताची रक्कम दुकानदारास मिळालेली नाही, पत्र सोबत जोडले आहे. टोल फ्री क्रमांकावर ही तक्रार अनऑथराइज्ड म्हणून नोंदली गेली, ती नोंद चुकीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार मूळ रक्कम, 15 मेपासून रोज रु. 100 प्रमाणे भरपाई, आणि हप्ता परत गेल्यामुळे लावलेले शुल्क परत जमा करावे." बघा, पिन मीच टाकला हे पहिल्याच वाक्यात आहे, ते वाचल्यावर चिप आणि पिनचं उत्तर परत देता येत नाही.

दोन प्रती न्या, एक त्यांना, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत आणा. ऑनलाइन करा, टोल फ्रीला करा असं सांगतील, तर म्हणा तेही करते पण हा कागद घ्या, आणि घेतच नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि ईमेलपण करा. स्लिपची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, आजच फोटो आणि झेरॉक्स काढा. माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी आले होते अशाच एका प्रकरणात, स्लिप जपून प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलेली, बाहेर काढली तर कोरा पांढरा कागद, एक अक्षर नाही. त्या कागदावरची छपाई उन्हाने, घामाने, प्लास्टिकने उडते. त्यांचं तोंड बघवेना.

हप्त्याचं म्हणाल तर तो आधी भरून टाका, आजच, कुणाकडून उसने घेऊन का होईना. बँकेशी भांडण चालू आहे म्हणून हप्ता थांबवला तर सिबिलवर डाग तुमच्या पडतो. पासबुकात हप्ता परत गेल्याचे 590 रुपये कापलेले दिसतायत, कर्ज देणाऱ्यांनीपण वेगळा बाउन्स चार्ज लावला असेल, दोन्हीची नोंद काढून अर्जाला जोडा.

अर्जाला उत्तर आलं नाही तर 30 दिवस थांबायचं, नकार आला किंवा अर्धवट उत्तर आलं तर तेवढंही थांबायला नको, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर होते, फी नाही, आणि काही अडलं तर त्यांच्याच 14448 या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. तुम्ही पत्रात विचारलंय की वकील म्हणून माझी फी किती होईल, तर ताई, लोकपालाकडे वकिलामार्फत तक्रार चालतच नाही, तुम्ही स्वतः करायची किंवा वकील नसलेल्या घरच्या माणसाला अधिकार देऊन करायची. एवढं लक्षात ठेवा की त्याच विषयावर ग्राहक आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून आधी लोकपाल. तिथेही नाहीच झालं तर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि तुमच्या रकमेला फी लागणार नाही. तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही, पण आली तर मी आहे.

अजून एक, हे फार कळकळीने सांगतो. या दिवसांत तुम्हाला फोन येऊ शकतो की मॅडम तुमचा रिफंड अडकलाय, लिंक पाठवतो, ओटीपी सांगा. पैसे परत यायला ओटीपी, पिन, लिंक, स्क्रीन शेअर काही म्हणजे काहीच लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलाय तोच लावा. असा फोन येऊन खरंच काही गेलं तर ते फ्रॉड, त्याला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच मिनिटाला फोन करायचा.

सोमवारी शाखेत जाच. दुकानदाराचं पत्र तोपर्यंत मिळालं नाही तरी थांबू नका, मागाहून सादर करते असं अर्जात लिहा आणि देऊन टाका. पोचेचा फोटो मला पाठवा, शिक्क्यावरची तारीख वाचता येईल असा.