लीड्सला जानेवारीत जाताय, तर बॉयलर आधी समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला इंग्लंडमधल्या लीड्समध्ये नर्सची नोकरी लागलीय, जानेवारीत चार वर्षांच्या मुलीला घेऊन निघताय, घर भाड्याचं. तिथला बॉयलर बंद पडला तर आपण स्वतः काय करायचं, कुणाला बोलवायचं, आणि खानापूरहून पाणी तापवायचा रॉड न्यावा का? तुम्ही बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला आहात म्हणालात, म्हणजे व्हॉल्व्ह आणि गेज काय ते समजावत बसायला नको.

बॉयलर म्हणजे मोठा गिझर, हे आधी डोक्यातून काढा. गिझरात काय, बंबात काय, पाणी साठतं आणि मग तापतं. तिकडे लहान घरांत बहुतेक कॉम्बी बॉयलर असतो, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही गॅसवर तापवणारी एकच पेटी, आणि त्यात साठा नसतोच. पाण्याच्या दोन वाटा असतात. एक बंद चक्र: तेच ते पाणी पंप रेडिएटरांतून (खोली तापवणाऱ्या, भिंतीवरच्या लोखंडी पट्ट्यांतून) फिरवतो आणि परत आणतो, ते नळाला कधीच येत नाही. दुसरं नळाचं पाणी, ते नळ उघडल्यावर जाता जाता तापतं. म्हणून काही बिघडलं की पहिलं बघायचं ते हे: रेडिएटर आणि गरम नळ दोन्ही बंद, की एकच? दोन्ही बंद असतील तर वीज, गॅस, प्रेशर किंवा गोठलेला पाइप. नळ गरम पण रेडिएटर थंड असेल तर आधी थर्मोस्टॅट (खोली किती तापवायची ते ठरवणारं यंत्र) आणि टायमर बघा, मग आतला डायव्हर्टर व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह गरम पाणी कुठल्या वाटेला द्यायचं ते ठरवतो आणि जुना झाला की मध्येच अडकतो. उन्हाळ्यात हीटिंग बंद ठेवून नुसता गरम नळ सोडला आणि तरी रेडिएटर कोमट झाले, तर तो अडकलाय असं समजा. ते काम मात्र मेकॅनिकचं.

आता प्रेशर. हिवाळ्यातल्या तक्रारींत हे नेहमीचं, आणि ते तुमच्या हातातलं आहे. बॉयलरच्या पुढच्या बाजूला गोल गेज किंवा आकडा दाखवणारी पट्टी असते. सगळं थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा, म्हणजे आपल्या भाषेत एक-दीड किलो. तापल्यावर तो २ पर्यंत चढतो, त्यात काही वावगं नाही. अर्ध्या बारच्या आसपास आला की बॉयलर पेटायचंच नाकारतो. व्हॅलंट कंपनीच्या बॉयलरवर तेव्हा एफ २२ हा कोड दिसतो, बॅक्सीवर ई ११९, आयडियल लॉजिकवर एफ १. तिन्हींचा अर्थ एकच, चक्रात पाणी कमी.

पाणी भरायचं ते असं. हीटिंग बंद करा आणि बॉयलर निवू द्या. खाली वाकून बघा: जाळीच्या आवरणाची चंदेरी लवचिक नळी आणि तिच्या दोन टोकांना दोन छोटे कॉक दिसतील. तीच फिलिंग लूप. काही घरांत ती कपाटात किंवा सिंकखाली असते, काही बॉयलरांना नळीऐवजी खालून एक निळी लिव्हर असते. आधी एक कॉक पूर्ण उघडा, मग डोळा गेजवर ठेवून दुसरा अगदी हळू फिरवा. पाण्याचा सूं आवाज येईल आणि काटा चढू लागेल. १.२ किंवा १.३ ला दुसरा बंद, मग पहिला बंद. कॉकची मूठ नळीला आडवी झाली की बंद, सरळ असली की चालू. घाईत एक कॉक किंचित उघडा राहिला तर रात्रभर पाणी आत झिरपून प्रेशर ३ बारला जातं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकत राहतं. एकदा उघडलेला तो व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसेलच असं नाही, कचरा अडकून गळत राहतो. दोन मिनिटांच्या कामाचं मोठं काम होतं ते असं.

वर्षातून एकदोनदा पाणी भरावं लागलं तर त्यात काळजीचं काही नाही. दर आठवड्याला भरावं लागत असेल तर नुसतं भरत राहू नका. ताजं पाणी म्हणजे ताजा ऑक्सिजन, म्हणजे रेडिएटरांत आतून गंज. मग गळतं कुठे? रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली रात्री कोरडा कागद ठेवून सकाळी बघा. सगळे कागद कोरडे, आणि काटा गरम असताना ३ ला भिडतो, थंड झाल्यावर शून्याकडे येतो असं असेल, तर एक्सपान्शन व्हेसल गेली. तिच्यात रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. पाणी तापून फुगलं की ती हवा दबून जागा करून देते. हवा गेली किंवा पडदा फाटला की फुगलेल्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. घरमालकाला कळवताना हे काट्याचं वागणं जसंच्या तसं लिहा, म्हणजे मेकॅनिक पार्ट घेऊनच येईल.

दुसरं ठराविक दुखणं थेट जानेवारीचं आहे. इंग्लंडमध्ये २००५ पासून बसवलेले बॉयलर बहुतेक कंडेन्सिंग जातीचे. धुरातली वाफ गार करून तिच्यातली उष्णताही ते काढून घेतात, आणि त्या वाफेचं झालेलं पाणी एका प्लास्टिकच्या पाइपने बाहेर सोडतात. हा पाइप बारीक असला आणि भिंतीबाहेरून लांब गेलेला असला की शून्याखालच्या रात्री आतलं पाणी गोठतं. सकाळी बॉयलरमधून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज, आणि मग बंद. उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिक तडकतं आणि खाली सांडलेल्या पाण्याचं बर्फ होऊन आपणच घसरतो. आंघोळीला घेतो इतपत गरम पाणी झारीने पाइपावर ओता, वळणावर आणि शेवटच्या तोंडाशी जास्त, किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी बांधून ठेवा. मग रिसेट दाबा. पुन्हा पुन्हा गोठत असेल तर पाइप ३२ मिलिमीटरचा करून वर फोमचं आवरण घालायला मालकाला सांगा. पाइप मोठा करून झाकणं हा त्यावरचा टिकाऊ इलाज आहे.

व्हॅलंटवर एफ २८ किंवा बॅक्सीवर ई १३३ दिसलं तर ज्योत पेटत नाही. वॉर्सेस्टरवर ईए दिसतं, म्हणजे ज्योत ओळखली जात नाही. इथे लोक लगेच बॉयलरला दोष देतात. आधी गॅसची शेगडी पेटते का बघा. भाड्याच्या घरांत प्रीपेड मीटर बराच सापडतो आणि त्यातले पैसे संपले की गॅस बंद होतो. स्मार्ट मीटर असेल तर पैसे भरल्यावरही मीटरवरचं बटण दाबून पुरवठा सुरू करावा लागू शकतो. गॅस आहे, वीज आहे, पाइप गोठलेला नाही, तर दोनदा रिसेट करा. तिसऱ्यांदा नको. बॉयलरवर काहीच उजेड नसेल तर शेजारच्या स्विचमधला ३ अँपिअरचा फ्यूज उडाला असेल. तो बदलून पुन्हा उडाला तर हात लावू नका.

रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम म्हणजे एअर धरलीय. शेतातल्या डिझेल इंजिनाची एअर काढतात तसंच. हीटिंग बंद करून निवू द्या, वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळीला छोटी चावी लावा, खाली फडकं धरा, घड्याळाच्या उलट पाव ते अर्धा आटा. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की बंद. पाणी काळं असतं, कार्पेट सांभाळा. हवा गेली म्हणजे प्रेशरही थोडं उतरलं, तेव्हा गेज पुन्हा बघा. उलटं असेल, खाली मधोमध थंड आणि वर गरम, तर तो गंजाचा काळा गाळ. चावीने तो निघत नाही, सिस्टिम धुवावी लागते. एकच रेडिएटर पूर्ण थंड असेल तर त्याच्या व्हॉल्व्हवरचं आकडे लिहिलेलं डोकं फिरवून काढा, खाली बारीक पिन दिसेल. ती दाबून सोडल्यावर वर यायला हवी. अडकली असेल तर हलके दाबत राहा, पण पकडीने ओढू नका. ती हातात आली तर घरभर काळं पाणी.

नळाबद्दल आपल्याकडच्या माणसाची एक हमखास चूक होते. बादलीत गरम पाण्याची धार बारीक सोडायची सवय. मिनिटाला साधारण दोन लिटरपेक्षा कमी पाणी गेलं तर कॉम्बी पेटतच नाही, आणि वाटतं बॉयलर बिघडला. आणि २४ किलोवॉटचा बॉयलर ३५ अंशांनी तापवायचं म्हटलं तर मिनिटाला साडेनऊ-दहा लिटरच देतो. हिवाळ्यात नळाचं मूळ पाणीच इतकं गार की पूर्ण सोडलं तर कोमट येणार. धार मध्यम ठेवा. मुलीची आंघोळ चालू असताना स्वयंपाकघरातला गरम नळ उघडू नका.

थर्मोस्टॅट २५ ला केला म्हणून घर लवकर तापत नाही, जास्त वेळ तापतं इतकंच. १९-२० ला ठेवा आणि त्यातले सेल बदला, कारण 'हीटिंग मेली' म्हणून आलेल्या बऱ्याच फोनांचं कारण दोन संपलेले सेल असतात. रेडिएटरांचं पाणी ६०-६५ अंशांवर ठेवलं तर कंडेन्सिंगचा फायदा मिळतो, ७५-८० वर तो जवळपास जातो. कपडे रेडिएटरवर वाळवू नका, जांबोटीच्या पावसात कपाटात धरते तशी बुरशी भिंतींवर धरेल. गावी यायचं झालं तर बॉयलर बंद करून येऊ नका, थर्मोस्टॅट १२ वर सोडा.

बॉयलरचं झाकण स्क्रूने उघडायचं नाही, हे मशीन शॉपच्या माणसाला मुद्दाम सांगतोय, कारण हात शिवशिवतात. गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरमधलाच (परवाना असलेल्या गॅस मेकॅनिकांच्या अधिकृत यादीतलाच) माणूस लागतो, दारात त्याचं ओळखपत्र बघा. भाड्याच्या घरात वर्षातून एकदा गॅसची तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. राहायला जायच्या आधी त्या तपासणीची प्रत मागा. पाणी आणि घर तापवायची यंत्रणा दुरुस्त ठेवणं हेही १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने त्याच्याकडे. फोनवर बोललात तरी मागून ईमेल करा: कंपनी, मॉडेल, कोड, गेजचा फोटो, नळ गरम येतो की नाही. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, कुठलाही स्विच दाबू नका, बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे गॅस नीट न जळल्याने होणारा विषारी वायू, त्याला वास नसतो. घरात सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर तोच संशय. बॉयलर बंद, सगळे बाहेर, आणि वरचाच नंबर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात आहे ना, तो चाचणीचं बटण दाबून पहिल्याच दिवशी बघा.

राहिला रॉड. नेऊ नका. तिकडचा प्लग वेगळा, ओल्या न्हाणीघरात अडॅप्टर लावून रॉड चालवणं धोक्याचं, आणि बाथरूममध्ये साधा सॉकेट मिळतही नाही. एखादा दिवस गरम पाणी नसेल तर तिथल्या किटलीत दीड लिटरच्या तीन-चार खेपा उकळून बादलीत गार पाण्यात मिसळल्या की एका माणसाची आंघोळ होते. बॅगेत तेवढी जागा चटणीला ठेवा.