आधी गाडीखाली आडवी हो

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच चाललं आहे. बाबांची पिकअप देऊन तू छोटी एसयूव्ही घेतलीस त्याला तीन वर्षं झाली. आता ती विकून पुन्हा जुनी पिकअप घ्यायची म्हणतेस, आणि बोलता बोलता दोनदा म्हणालीस, "काका, लोक म्हणतील गाडीवरून टेम्पोवर आली." लोकांचं राहू दे. आपण बागेचं बोलू.

आंबा काढणीच्या भर दिवसात तुझे चाळीस क्रेट निघतात. एक क्रेट २० किलोचा धरला तरी ८०० किलो झाले. तुझ्या गाडीत मागची सीट पाडून बारा-तेरा क्रेट बसतात. म्हणजे तीन-चार फेऱ्या, आणि शेवटच्या फेरीचा हापूस तोवर कलमाखाली तापत पडलेला. फवारणीचं २०० लिटरचं पिंप भरलं की नुसतं पाणीच २०० किलो होतं. ते न्यायला तू दर वेळी शेजाऱ्याची गाडी मागतेस, आणि त्याच्या सवडीने तुझी फवारणी होते. मोहोर त्याच्या सवडीने थांबत नाही. शेणखत, पेंढा, गडग्याचे चिरे यांचं तर नावच नको.

तुझी गाडी वाईट नाही गो. लांबी चार मीटरच्या आत बसवलेली, पुढच्या चाकांवर ओढणारी ती माणसांची गाडी आहे. मागे वजन भरून बागेची घाटी चढायला लागलीस की भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि तांबड्या मातीत नुसती फिरतात. मग तू अर्धा क्लच दाबून रेटतेस आणि जळका वास येतो. पिकअपचं उलट असतं. मागे माल पडला की ओढणारी चाकंच जमिनीला घट्ट धरतात. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी, वर हौदा वेगळा, खाली पाटे, म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगा. ती बनवलीच आहे ओझ्यासाठी.

म्हणून घेच, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कुठली घेतेस यावर पुढची दहा वर्षं ठरणार आहेत, आणि त्यासाठीच हे पत्र.

आपल्याकडे जुनी गाडी बघताना लोक आधी किलोमीटर विचारतात. तू आधी विचार, ही गाडी काय वाहत होती? मासळी वाहिलेली पिकअप कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नको. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून खाली गळतं आणि चासीच्या खोबणीत साठून राहतं. वरून धुतली तरी ते मीठ तिथून निघत नाही. तीन-चार वर्षांत लोखंडाचे पापुद्रे सुटायला लागतात.

हे मी भोगलेलं आहे. माझी पहिली जुनी पिकअप किनाऱ्यावरच्या एका मासळीवाल्याकडून घेतली होती. इंजिन झकास, टायर नवे, किंमत कमी. मी खाली वाकून बघितलंच नाही. पुढच्याच पावसाळ्याआधी कोल्हापूरहून कांदे भरून आंबा घाट उतरत होतो. साखरप्याच्या बाजूला एका वळणावर ब्रेक दाबला तर पॅडल खोल गेलं. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजून फुटला होता. पुढचे ब्रेक शिल्लक होते आणि मी दुसऱ्या गियरमध्ये होतो, म्हणून डोंगराकडच्या गटारात चाक घालून थांबलो. शेजारी तुझे बाबा बसले होते. आम्ही दोघं अर्धा तास रस्त्याच्या कडेला काही न बोलता बसून होतो. त्यानंतर मी कुठलीही गाडी खाली आडवं झाल्याशिवाय घेतलेली नाही.

तर तूही आडवी हो. गोणपाट अंथर, टॉर्च घे, एक लहान हातोडी घे. हौदा चासीला जिथे बोल्टने बसतो ती जागा, आडव्या पट्ट्यांचे सांधे, पाटे जिथे लोंबतात ते शॅकल, डिझेल टाकीचे पट्टे आणि ब्रेकचे पाइप टोकापासून टोकापर्यंत बघ. हातोडीने हलकेच ठोक. चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं बद्द वाजतं. वरवरचा तांबूस थर आपल्या हवेत प्रत्येक गाडीला येतो, त्याला घाबरू नको. पापुद्रे निघाले तर उठ आणि घरी ये. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर विचार, कशासाठी मारला? आणि हौद्यातली रबराची चटई उचलायला लाव. मालक नको म्हणाला तर तेच उत्तर समज.

दुसरी भीती पुराची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा किती गाड्या दिवसभर बुडून राहिल्या ते तू पाहिलं आहेस. अशा गाड्या धुवून-पुसून पुन्हा बाजारात येतात आणि पुढे वर्षानुवर्षं वायरिंगचं दुखणं देत राहतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघ, आतल्या टोकाला चिखलाचा डाग सहसा कुणी धूत नाही. सीटखालचे बोल्ट, फ्यूजच्या डबीचे कोपरे आणि वायरचे जोड हिरवट झालेत का तेही बघ.

घाटावरची, म्हणजे एमएच-०९ वगैरे पाटीची गाडी मिळाली तर गंज कमी असेल. पण ती ओझ्याने मोडलेली असू शकते. पाटे सपाट पडलेत का, जादा पान घातलंय का, चासीवर वेल्डिंगची जागा आहे का, एवढं पाहा. दुसऱ्या आरटीओची एनओसी लागेल.

इंजिनाचं फिटरला सोपव, फक्त सकाळी थंड असताना पहिला सेल्फ तू स्वतः मार. एक मात्र ठरवून घे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, डिझेल गाड्यांत बहुतेक वेळा सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. बाग ते घर, घर ते बाग अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही आणि तो तुंबतो. तुझ्या फेऱ्या छोट्याच आहेत. त्यामुळे चांगली ठेवलेली आधीच्या नियमांची बीएस-४ मिळाली तर मला ती जास्त पटेल. बीएस-६ घेतलीस तर आठवड्यातून एकदा हायवेवर सलग अर्धा तास पळवायची.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का, पासिंग कधीपर्यंत आहे, टॅक्स आणि दंडाची चलनं किती थकली आहेत. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग असतं, नंतर दर वर्षी, हे किमतीत धर. एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. आणि तुला कुणीतरी सांगितलं ना की कारच्या लायसन्सवर पिकअप चालत नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला आहे. ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी तुझ्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालवता येते.

आता जे आवडणार नाही ते सांगतो. रिकामी पिकअप उडते. पाटे ओझ्यासाठी ताठ केलेले असतात, खड्ड्यात कंबर हलते. पावसात कातळावरच्या शेवाळलेल्या उतारावर रिकामी असताना मागची चाकं सरकतात. जूनमध्ये मागच्या ॲक्सलच्या वर वाळूची चार पोती बांधून ठेव आणि वळणावर ब्रेक मारू नको, आधीच वेग कमी कर. घाट ज्या गियरमध्ये चढशील त्याच गियरमध्ये उतर. आईला रत्नागिरीला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर त्या दिवशी भाड्याची गाडी कर. वर्षातले असे दिवस मोज, फार नाहीत. तिला पिकअपमध्ये न्यायचा हट्ट धरू नको, तिची पाठ मला माहीत आहे.

आणि एक गोष्ट मला कबूल कर. हौद्यात माणसं बसवायची नाहीत. गणपतीत वाडीतली पोरं मागतील, भजनाची बारी मागेल, काढणीचे गडी "एवढंच तर जायचंय" म्हणून चढतील. आपल्याकडे सगळेच बसवतात, म्हणून ते बरोबर होत नाही. मालवाहू गाडीत अशी फुकट बसवलेली माणसं विम्यात धरत नाहीत. अपघात झाला तर भरपाई तुझ्या बागेतून जाईल. बागेचं एक वेळ सोड, वाडीतल्या कुणाच्या दारात तुला तशी बातमी घेऊन उभं राहावं लागू नये.

घेतल्यावर दर पंधरा दिवसांनी खालून गोड्या पाण्याने धू, हौद्याची पाणी जायची भोकं मोकळी ठेव. गॅरेजवाले जळकं ऑइल मारून देतो म्हणतील. ते रबरी नळ्यांवर जाऊ देऊ नको, रबर फुगतं.

लांज्याची जी गाडी तू म्हणालीस ती रविवारी बघू. सकाळी सातला ये, इंजिन थंड असताना पोचायला हवं. मालकाला आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांग. गोणपाट मी आणतो, टॉर्च तुझा.

तुझा,
काका